एक पाय उंबऱ्याबाहेर

खोली क-१४, निवारा छावणी,
वरसे, रोहा
दि. ५ मार्च

चि. मृणाली,

अनेक आशीर्वाद. हर्षदरावांनाही सांग. ध्रुवला माझ्यातर्फे शाबासकी दे; कशाबद्दल ते त्याचं त्यानं ठरवावं.

आज सकाळी चहाच्या रांगेत उभा होतो आणि एक फार जुना आवाज कानात आला. मी तेव्हा सहा-सात वर्षांचा असेन. खाडीचा बांध फुटतो ना, तेव्हा पाणी आधी दिसत नाही. आधी आवाज येतो. लांब कुठेतरी दोन-तीन जाती एकदम ओढावीत तशी घरघर, कानांपेक्षा तळपायांना जास्त ऐकू येणारी. मग कुणीतरी पितळी थाळा बडवतो आणि गावभर एकच हाक फिरते. माझ्या आईनं मला बखोटीला धरलं, आणि

असो. तेवढ्यात माझा नंबर आला. इथला चहा बरा असतो. साखर जरा जास्त घालतात, पण तक्रार कुणाकडे करायची आणि कशाला.

तू म्हणशील, फोन असताना पत्र कशाला. तू फोनवर विचारतेस, ‘बाबा, बरे आहात ना?’ आणि मी म्हणतो रेंज नाही. रेंज असते, बाळा. पण चार्जिंगचा बोर्ड ऑफिसच्या भिंतीला आहे, तिथं दहा माणसं आपापल्या वायरी धरून उभी असतात आणि दहाही जणांना दुसऱ्याचं बोलणं ऐकण्यावाचून काम नसतं. शिवाय कागदावर मी अजून मास्तर असतो. फोनवर नुसता म्हातारा.

भूकंपाला सेहेचाळीस दिवस झाले. तू आलीस तेव्हा आम्ही तंबूत होतो. आता पत्र्याच्या खोल्या मिळाल्या. पेणकडच्या छावण्या भरल्या म्हणून आपल्या गावाला इथं रोह्याला पाठवलं. गाव तसंच आहे, म्हणजे नाहीच. बांध तीन ठिकाणी फाटलाय आणि भरतीचं खारं पाणी रोज दोन वेळा शेतांत फिरून जातं. गणेशनं परवा जाऊन पाहिलं. तो म्हणाला, “गुरुजी, तुमच्या शालेच्या पायरीवर खेकडे बसलेत. पट भरलाय पुरा.” मी हसलो असेन. आठवत नाही.

खोलीत दुपारी बसवत नाही. पत्रा तापतो, चार वाजले की टक टक वाजत निवतो. धाटावच्या बाजूला कंपनीच्या शिफ्टचा भोंगा झाला की अजून काही बाया दार उघडून बाहेर येतात, एकमेकींकडे बघतात आणि परत आत जातात.

शेजारच्या खोलीत गणेशचं कुटुंब आहे, गावात होतं तसंच. त्याची सून मनस्वी, तुझ्या लग्नात परकर सांभाळत पळणारी ती चिमुरडी आठवते का, ती मला दोन वेळची भाकरी देते. तिनं आपली बकरी छावणीत आणली आहे. ऑफिसातला माणूस आला, म्हणाला जनावरं ठेवायला परवानगी नाही. ही त्याला म्हणते, “साहेब, ती बकरी नाय, ती माझी सासू हाय. सासूला बाहेर काढू कशी?” सासू तिथंच तांदूळ निवडत बसली होती. गणेश म्हणाला, “राहू द्या साहेब. दोघींत बकरी तरी कमी बोलते.” माणूस हसत गेला. बकरी राहिली.

माझं विचारशील तर मला काही होत नाही. वाईट वाटत नाही, बरंही वाटत नाही. भूक लागते, जेवतो. झोप येते. सदतीस वर्षं मुलांकडून कविता पाठ करून घेतल्या, पहिलीपासून सातवीपर्यंतच्या सगळ्या मला झोपेत येत असत. तू लहान असताना मी दाढी करता करता म्हणायचो आणि तू मागून शेवटचा शब्द ओढायचीस. आता पहिलं कडवं येतं आणि दुसऱ्याच्या तोंडाशी थांबतं. दार लावल्यासारखं. मी जोर करत नाही.

तरी एक कविता केली. कविता कसली, मुलांचं गाणं. पेणहून ऋजुता नावाची मुलगी येते, भूकंपात काय करावं ते मुलांना शिकवते. गुणी आहे. म्हणाली, गुरुजी, चार ओळी द्या, मुलांच्या तोंडी बसतील अशा. दिल्या.

हलता धरणी बाहेर धावा,
मोकळ्या जागी श्वास घ्यावा;

पुढच्या दोन ओळी इथं लिहीत नाही. तितक्या जमलेल्या नाहीत. पण मुलं रोज प्रार्थनेनंतर म्हणतात, आणि मोठ्यांदा म्हणतात.

आता कामाचं. तुझ्या आईच्या अस्थी अजून सोडलेल्या नाहीत. कुंपणाजवळच्या शिरीषाच्या फांदीला मडकं बांधून ठेवलं आहे. लोक म्हणतात, गुरुजी, किती दिवस? मी म्हणतो, लेक येईल. तू मागच्या वेळी रागानं गेलीस, मला कळतं. पण मेलेल्या माणसावर राग धरून त्याला काही पोचत नाही. दोन दिवसांची रजा काढ. गणेशच्या ओळखीची होडी आहे, आपल्याच खाडीत सोडू. तुझ्याशिवाय सोडायच्या नाहीत असं मी ठरवलं आहे.

पेणच्या कुणीतरी पोह्याचे पापड पाठवले होते. इथं तळायला तेल मोजकं. तुझ्यासाठी डब्यात ठेवले आहेत, आलीस तर.

तुझे बाबा


खोली क-१४, वरसे
दि. २२ मार्च, रविवार

चि. मृणाली,

आशीर्वाद. तुझी चिठ्ठी कुरियरनं पोचली. सहा ओळी. त्या मला पाठ झाल्या, तेव्हा अजून काही पाठ होतं असं दिसतं. तू लिहिलंस, ‘आईनं एका ट्रंकेपुढे आम्हा कुणालाही जमेस धरलं नाही. ध्रुव विचारतो, आजी परत वर का गेली, मी त्याला काय सांगू? मी अस्थींना येणार नाही. मे महिन्यात तुम्हाला न्यायला येईन. ती ट्रंक टाकून द्या.’

ट्रंक इथंच आहे. मी आत्ता तिच्यावरच कागद ठेवून लिहितो आहे. मागचं पत्रही तिच्यावरच लिहिलं होतं. एका बाजूला पोचा आलाय, त्यामुळे ओळी उजवीकडे उतरतात. मुलांनी अशी ओळ लिहिली तर मी अर्धा गुण कापत असे.

पाडवा झाला. आपलं यंदा सुतकाचं वर्ष, म्हणून मी गुढी उभारली नाही. गणेशनं त्याच्या दाराशी नळाच्या पाइपाला साडी बांधून उभारली. मनस्वीनं मला श्रीखंड दिलं नाही, नुसती कडुलिंबाची चटणी दिली आणि म्हणाली, “काका, ही चालते तुमाला.” चालली.

जे लिहायचं आहे तेच मी टाळतो आहे, हे तुला कळत असेल. शाळेत मुलं उत्तर येत नसलं की प्रश्न पुन्हा लिहून काढतात, तसं.

परवा ऋजुताकडे गेलो. येत्या सोमवारी, म्हणजे उद्याच, ते गाणं इथल्या शाळेच्या भिंतीवर रंगवणार आहेत. बाजूला चित्रंही काढणार. मी तिला म्हटलं, शेवटच्या दोन ओळी बदलायच्या आहेत. ती म्हणाली, “अहो गुरुजी, त्याच तर सगळ्यात छान आहेत. मुलं त्याच पाठ करतात आधी.” मी म्हटलं, त्या खोट्या आहेत. ती म्हणाली, “गाण्यात थोडं इकडे-तिकडे चालतं हो.” आणि रंगाच्या डब्यांची यादी करायला लागली. त्या ओळी अशा:

पेटीसाठी फिरला मागे,
त्याचा कुणाला पत्ता न लागे.

हे तुझ्या आईवर लिहिलं आहे, आणि मी लिहिलं आहे. ऋजुता शिकवताना सांगते, ‘आपल्या गुरुजींच्या गोदूबाईंसारखं करू नका. सामानासाठी परत आत जाऊ नका.’ मी मागच्या बाकावर बसून ऐकतो. पहिल्या दिवशी तिनं ऐकणाऱ्यांना विचारलं होतं, हे नाव घेतलं तर चालेल का? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

तुझी आई ट्रंकेसाठी वर गेली नव्हती.

आता सरळ लिहितो. पौषातली अमावास्या होती. अमावास्येला उधाण दुपारी बाराच्या पुढं भरतं, हे तुला माहीत आहे, तू खाडीकाठी वाढलीस. त्याच्या आधीच्या उधाणाला, पाणी सोडायच्या उघाडीजवळ बांध खचला होता, पुरुष माणसांनी रात्रभर चिखल-पेंढा घालून तो धरला होता. म्हणून त्या दिवशी सगळा गाव कान देऊनच होता. मीही फावडं ओटीवर काढून ठेवलं होतं. शहात्तर वर्षांच्या माणसाला बांधावर कोण उभं करणार, पण काढून ठेवलं होतं.

सव्वाबाराला ती घरघर आली. आधी तळपायांना.

मला वाटलं बांध गेला. मृणाली, मी सहा वर्षांचा असल्यापासून मला त्या आवाजाचा एकच अर्थ माहीत आहे. त्या वर्षी माझ्या आईनं मला बखोटीला धरून माळ्यावर टाकलं, मागोमाग बियाण्याचं भात टाकलं, मग स्वतः चढली. तीन दिवस खाली पाणी होतं. जे माळ्यावर गेले ते वाचले. आपल्याकडे हे कुणाला शिकवावं लागत नाही. आवाज झाला की बाया, पोरं आणि बियाणं वर, पुरुष फावडी घेऊन बांधाकडे. आपल्या घराचा माळा मी त्याचसाठी मजबूत करून घेतला होता, चांगली जाड लाकडं घालून. केवढी जड लाकडं ती.

पहिला हादरा हलका होता. मी फावडं घेऊन अंगणात. तुझी आई भाकरी टाकत होती, पिठाच्या हातांनी दारात आली. म्हणाली, “अवो, भुई हालतेय. चला, लांब मोकल्यात जाऊ.” तिचा एक पाय उंबऱ्याबाहेर होता. डावा. मला अजून दिसतो.

मी म्हटलं, “भुई नाही, बांध गेलाय. माळ्यावर जा.”

ती म्हणाली, “बांध असा नाय वाजत.”

आणि मी म्हटलं, “तू निडीची, तुला बांधाचं काय कळतंय. वर जा म्हणतो ना.”

लग्नाला एक्कावन्न वर्षं झाली, खाडीकाठी एक्कावन्न वर्षं काढली, तरी मी तिला माहेरच्या गावावरून निडीचीच म्हणत होतो. तू चिडायचीस मी चेष्टेत म्हटलं तरी. त्या दिवशी चेष्टेत नव्हतो. तो वर्गातला आवाज होता. पाचवीतली दांडगी मुलंसुद्धा त्या आवाजाला बसत. तुझी आई एरवी माझं कधी ऐकत नसे, हे तुला माहीत आहे. त्या आवाजाला ऐकायची. तिनं पाय आत घेतला.

मी पळालो बांधाकडे. तीस पावलं गेलो असेन. मग मोठा हादरा आला आणि मी खाली बसलो. मागे वळलो तेव्हा घर नव्हतं, धूळ होती. बांध अजून उभा होता. तो नंतर गेला, तिसऱ्या हादऱ्याला.

ट्रंक माळ्यावर तीस वर्षं पडून होती. तुझी आई वर गेली आणि तिच्याशेजारी बसली असेल. दुसरं बसायला तिथं काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी बाहेर काढली तेव्हा तिचा हात ट्रंकेवर होता, एवढंच. पंचनामा लिहायला एक तरुण मुलगा आला होता. त्यानं विचारलं, “आजी वर कशाला गेल्या होत्या?” मी तोंड उघडलं. माझ्या आधी गणेश बोलला, “ट्रंकंसाठी गेली असंल बिचारी.” मुलानं माझ्याकडे बघितलं. मी बोललो नाही. त्यानं लिहून घेतलं आणि पुढच्या घराकडे गेला. एवढंच झालं. कुणी माझ्यावर जबरदस्ती केली नाही. मी खोटं बोललोसुद्धा नाही. दुसऱ्यानं चुकीचं उत्तर दिलं आणि मी ते बरोबर म्हणून तपासलं.

मग ते छावणीभर झालं, मग ऋजुतापर्यंत, मग तुझ्यापर्यंत. तू तिसऱ्या दिवशी आलीस आणि मला विचारलंस, “बाबा, खरंच ट्रंकेसाठी?” मी म्हटलं, “आता बोलून काय उपयोग.” तू ते हो समजलीस. मी तसंच बोललो होतो, तू हो समजावंस म्हणून.

गावात आणखी दोन घरांतल्या बाया अशाच वर जाऊन दगावल्या. त्यांना त्यांच्या घरातल्यांनी पाठवलं, मी नाही. त्यांचे पुरुष तसं कबूल करतात. रडतात आणि कबूल करतात. मी रडत नाही, माझ्याकडे कबूल करण्यासारखं काही नाही अशी सगळ्यांची समजूत आहे. लोक मला म्हणतात, गुरुजी, तुमची तर काही चूकच नव्हती.

एकटी मनस्वी म्हणत नाही. त्या दिवशी ती अंगणात होती, तिलाही मी पळता पळता ओरडलो होतो, वर जा. तेवढ्यात तिच्या बकरीनं दावं तोडलं, ती बकरीमागं धावली आणि वाचली. गेल्या आठवड्यात नळावर भांडी घासता घासता, माझ्याकडे न बघता म्हणाली, “काका, तुमी काकीला जे बोललात ते मी आयकलंय. मी कोनाला बोलले नाय. बोलनार बी नाय.” मी म्हटलं, “का नाही?” ती म्हणाली, “तुमी मला बाराखडी शिकिवली.” आणि तांब्या उपडा घालून गेली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मला काहीतरी वाटलं असतं. तेवढंही झालं नाही. मी नळ बंद केला आणि खोलीत आलो.

तू लिहितेस, तिनं आम्हाला जमेस धरलं नाही. ट्रंक मी काल उघडली. तुझा चौथीच्या स्कॉलरशिपचा कागद आहे, तिचा शालू आहे, आणि खूपशी वर्तमानपत्रं, शालूला कसर लागू नये म्हणून घातलेली. एवढ्यासाठी ती परत आत गेली नसती. ती पिठाचा हातसुद्धा न धुता बाहेर येत होती.

ध्रुवला काय सांगायचं ते आता तुला कळलं. आजोबांनी पाठवलं, असं सांग. आजीला बरोबर कळलं होतं, असंही सांग. हे दुसरं आधी सांग.

उद्या सकाळी भिंत रंगवायच्या आधी मी तिथं जाणार आहे. मुलांसमोर उभा राहून सांगणार आहे. जमेल की नाही ठाऊक नाही. पण या पत्राची एक प्रत ऋजुताला द्यावी असंही मनात आहे, म्हणजे तोंड उघडलं नाही तरी कागद बोलेल. तुझ्यासाठीही मी कागदच निवडला. तू रागावून परत कधीच आली नाहीस तर ते मला समजेल. मडकं मग मी आणि गणेश

थांब. बाहेर कुणीतरी आलंय. मनस्वीचा आवाज येतोय. “गो ताई, तू कशी आलीस? ये ये, इथंच हाय खोली. काका लिवीत बसलेत सकालपासून.”

आणि आता तुझा आवाज. तू येणार नव्हतीस. तू पाय धुवायला पाणी मागते आहेस. मनस्वी म्हणते, थांब, गार देते. तू म्हणते आहेस, “राग गेलेला नाही गं माझा. पण ते मडकं झाडाला आहे हे डोक्यातून जाईना.” ती काही बोलत नाही. तिनं कबूल केल्याप्रमाणे ती बोलत नाही.

दारात तुझी सावली पडली आहे. हात चालतो आहे तोवर लिहितो.

हे पत्र मी तुझ्या हातात देणार नाही. तुझ्या आईला मी तोंडानं सांगितलं होतं, वर जा. तुलाही तोंडानंच सांगेन. ऐकून तू उलट्या पावली निघालीस तर तुला स्टँडपर्यंत सोडायला येईन. थांबलीस तर उद्या आधी शाळेच्या भिंतीपाशी जाऊ, मग खाडीवर.

तुझ्या आईला आत पाठवणारा,
तुझा बाप
जगन